अकरा मिलिमीटर

व्हरांड्याचं मोजमाप संपलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. रेश्मानं स्कॅनर तिपाईवरून उतरवला आणि पेटीत ठेवता ठेवता तिचा उजवा खांदा पुन्हा भरून आला. एप्रिल संपत आला होता. दहानंतर शुक्रवार पेठेत सावलीतसुद्धा उभं राहवत नसे, म्हणून आठवडाभर ती रोज साडेसहालाच या जुन्या सूतिकागृहात येत होती. चार महिन्यांतली ही तिची नववी इमारत. घरी बारावीची परीक्षा देऊन बसलेली मुलगी सृष्टी आता आईशी बोलायचं असलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला लागली होती.

रेश्मा बेचाळीस वर्षांची होती आणि एका छोट्या कंपनीत जुन्या इमारतींची संगणकावर मॉडेलं करायची. तिपाईवरचा स्कॅनर गोल फिरत भिंती, छत, जमीन सगळं टिपायचा. त्यावरून ती संगणकात तीच इमारत पुन्हा उभी करायची, एकेक दार, एकेक तुळई, एकेक फरशी सुटी दिसेल अशी. मग प्रत्येक भागाला माहिती जोडायची: कशाचा आहे, कोणत्या साली बसवला, आज कोणत्या अवस्थेत आहे. शेवटी या सगळ्याची गोळाबेरीज होऊन इमारतीला शंभरपैकी गुण मिळत. पन्नासच्या वर गेली तर सगळी इमारत राखायची. चाळीस ते पन्नासमध्ये असली तर दर्शनी भाग ठेवून मागचा पाडायला हरकत नाही. चाळीसच्या खाली गेली की विषय संपला.

हे सूतिकागृह १९२८ साली गिरणीत काम करणाऱ्या बायकांसाठी बांधलेलं होतं. गिरणी गेली, पुढं एका ट्रस्टनं ते चालवलं आणि पंधरा वर्षांपूर्वी तेही बंद पडलं. आता इमारतीचं करायचं काय, हे ठरवायला ट्रस्टनं रेश्माच्या कंपनीला काम दिलं होतं. इमारत साधी होती. कोरीव काम नाही, रंगीत काचा नाहीत. पुढं कमानींचा लांब व्हरांडा, आत प्रसूतीची खोली, मागं चार-पाच खोल्यांची बैठी रांग. कच्च्या हिशेबात तिला अडतीस गुण मिळाले होते.

त्या गुणांत फरशीनं बरंच खाल्लं होतं. व्हरांड्याच्या शहाबादी फरश्या संगणकावर उंचसखलपणाप्रमाणं रंगवून बघितल्या, तर कमानींच्या कडेकडेनं एक निळा पट्टा उमटत होता. पट्टा म्हणजे जमीन खोलगट झालेली. सर्वांत खोल जागी अकरा मिलिमीटर. छत्तीस फरश्यांमधून तो सलग जात होता. सॉफ्टवेअरनं त्या सगळ्या फरश्यांवर आपणहून शिक्का मारला होता: ‘झीज. खराब. बदलाव्यात.’

रेश्मा लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती तेव्हा कमलम्मा चहा घेऊन आली. कमलम्मा बहात्तर वर्षांची, समोरच्याच बोळात राहणारी. अठराव्या वर्षी ती इथं आया म्हणून लागली आणि दवाखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी घरी बसली. किल्ली अजून तिच्याकडंच होती. घरात ती तेलुगू बोलायची आणि बाहेर सोलापूरचं मराठी.

"हे निळं काय हाय?" तिनं विचारलं.

"फरशी इथं झिजलीय. खराब झालीय."

कमलम्मानं पडद्याकडं बघितलं, मग व्हरांड्याकडं. "खराब न्हाय ते. चालून चालून झालंय."

"कोण चालायचं?"

"बाळंतपणाला आलेल्या बायका की. कळा सुरू झाल्या की आमी त्यांना हितं चालवायचो. ह्या टोकापासून त्या टोकापतूर. मोठ्या नर्सबाई झोपूच द्यायच्या न्हाईत. काही बायका चार चार तास चालायच्या."

रेश्मानं कप खाली ठेवला. "सगळ्या इथूनच? भिंतीकडून कुणी नाही?"

"भिंतीकडं धरायला काय हाय? हितं कठडा हाय. जोराची कळ आली की कठडा धरून उभं राहायचं, गेली की परत चालायचं." थोडं थांबून तिनं विचारलं, "तुमाला चालवलं होतं का?"

"नाही. माझं सिझर झालं."

"मग तुमाला कसं कळायचं," कमलम्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

ऑफिसात जाऊन रेश्मानं तो पट्टा पुन्हा उघडला. आधी तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण तो सगळीकडं सारखा खोल नव्हता. प्रत्येक कमानीच्या मधोमध जास्त, खांबापाशी कमी. मग तिनं कमानींमधला लाकडी कठडा तपासला. तोही कमानींच्या मधोमध बारीक झाला होता आणि कडेला जाड राहिला होता. खांब दगडी, दोन हातांच्या कवेत न मावणारा. कळ आलेली बाई खांब धरणार नाही, कठडाच धरणार. जिथं हात झिजवत होते तिथंच खाली पाय झिजवत होते. पाऊणशे-ऐंशी वर्षं.

तिच्या कंपनीचा प्रमुख अभिमन्यू तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान होता. हुशार आणि कायम घाईत. तिनं त्याला पडद्यावर सगळं दाखवलं.

"मॅडम, एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं हा पुरावा होत नाही," तो म्हणाला.

"तिनं सांगितलं म्हणून मी कठडा मोजला. कठडा तेच सांगतोय."

अभिमन्यूनं फरशीच्या आणि कठड्याच्या झिजेचे आलेख एकावर एक ठेवून बघितले. "ठीक आहे. फरशीवरचं ‘खराब’ काढा आणि ‘वापराची खूण, जपावी’ असं घाला. कठड्यालाही तसंच. बाईंचं बोलणं रेकॉर्ड करून जोडा. किती गुण होतात बघू."

त्रेपन्न झाले.

अहवाल शनिवारी द्यायचा होता. शुक्रवारची रात्र तिनं ऑफिसातच काढली होती, आणि शनिवारी दुपारी फाइल पाठवताना तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. अहवाल ट्रस्टला गेला. पाठोपाठ दुरुस्तीच्या कामाची यादी गेली, ती मॉडेलमधूनच आपोआप निघायची. मग ती घरी जाऊन कपडे न बदलता झोपली.

ट्रस्टनं अहवाल मान्य केला. पावसाआधी छत आणि बाकीची डागडुजी उरकायची म्हणून लगेच काम सुरू झालं. मे महिन्याच्या मध्यावर रेश्मानं चार दिवसांची सुट्टी मागितली आणि माळशिरसला आपल्या वडिलांकडं गेली. वडील, आबासाहेब, उसाच्या पाण्याची पाळी सांभाळायला पहाटेच शेतावर जायचे. घर शांत असायचं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत ती अंथरुणातच होती, आणि तेव्हाच फोन वाजला.

"मॅडम, कमलम्मा बोलतीय. तीन-चार दिस आजारी होते, आज आले तर फरशी काढायलेत हितं."

"कुठली फरशी?"

"तीच. चालायची."

रेश्मा उठून बसली. "मिस्त्री आहे का तिथं? त्याला फोन द्या."

मिस्त्रीचं नाव रुद्रप्पा, दुधनीचा. फरशीच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही असं अभिमन्यू सांगायचा. त्याचा आवाज शांत होता. "बोला की मॅडम."

"रुद्रप्पा, व्हरांड्याची फरशी काढायची नाही. ताबडतोब थांबवा."

"कागदावर लिवलंय की. व्हरांडा, कमानीकडची बाजू, छत्तीस नग, खराब, काढून नवीन बसवावे. मी वाचून दाखवलं तुमाला." जरा थांबून तो म्हणाला, "खाली तुमचंच नाव हाय, मॅडम."

फोन कानाशी धरून तिनं लॅपटॉप उघडला. त्या शनिवारी पाठवलेल्या दोन फायलींची नावं तिनं एकाखाली एक बघितली. अहवाल नव्या मॉडेलमधून गेला होता. यादी जुन्या मॉडेलमधून गेली होती. दोन्ही नावांत शेवटच्या आकड्याचा फरक होता.

"किती काढल्या?" तिनं विचारलं.

"एकवीस."

आबासाहेब जेवायला घरी आले तेव्हा ती बॅग भरत होती. "आत्ता तर आलीस की गं," ते म्हणाले.

"माझ्या हातून चूक झालीय, आबा. जावं लागेल."

त्यांनी जास्त विचारलं नाही. स्टँडवर सोडायला मात्र आले आणि बस हलेपर्यंत उन्हात उभे राहिले.

सोलापुरात ती पोहोचली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. व्हरांड्याचा अर्धा पट्टा उघडा पडला होता, खाली जुना मुरूम आणि चुना दिसत होता. रुद्रप्पा कठड्याला टेकून तिची वाट बघत होता. पन्नाशीचा, काटक माणूस. कमलम्मा आतल्या बाकावर बसली होती. तिनं रेश्माकडं बघितलं आणि नजर वळवली.

"कमलम्मा, माझ्याकडून चुकीचा कागद गेला," रेश्मा म्हणाली. "ह्यांची चूक नाही."

"व्हय. ह्यांनी सांगितलं मला," कमलम्मा म्हणाली. एवढंच.

कंपाउंडच्या भिंतीला बारा फरश्या उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यांतल्या तीन काढतानाच तुटल्या होत्या.

"बाकीच्या नऊ?"

रुद्रप्पानं मान खाली घातली. "टेम्पो दुधनीला चालला होता. टाकूनच द्यायच्या हायत म्हणून घरी पाठवल्या. घराम्होरं चिखल होतोय, तितं लावाव्या म्हणलं."

"लावल्या?"

"परवाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्याच टेम्पोतून दुधनीला गेले. अक्कलकोट गेल्यावर दुकानांवरच्या पाट्या कानडीत दिसू लागल्या. रुद्रप्पाच्या घरासमोर त्याची आई भांडी घासत होती, आणि ज्या दगडांवर ती बसली होती ते सूतिकागृहाचेच होते. रेश्मानं लांबूनच ओळखले. मध्ये खोलगट, त्यात राखेचं पाणी साठलेलं.

रुद्रप्पानं आईला कानडीत काहीतरी सांगितलं. म्हातारीनं एकदा दगडांकडं आणि एकदा रेश्माकडं बघितलं आणि त्याला काहीतरी विचारलं. तो बराच वेळ समजावून सांगत होता. रेश्माला त्यातलं काहीच कळत नव्हतं, पण बोलता बोलता त्यानं कंबरेवर हात ठेवून दोन पावलं जड चालून दाखवलं, तेव्हा तो सांगण्यात कुठवर आलाय ते तिला कळलं.

म्हातारीनं भांडी उचलून बाजूला केली. आतून बादलीभर पाणी आणि काथ्या आणला आणि फरश्या एकेक करून घासायला बसली. रेश्मा मदतीला वाकली तर तिनं हातानंच नको म्हटलं. नऊच्या नऊ धुऊन झाल्यावरच तिनं मुलाला पहार लावू दिली. एका फरशीचा कोपरा बसवतानाच उडालेला होता, ती उचलताना मधोमध तुटली.

"नव्या आणून देतो आईला," परत येताना रुद्रप्पा म्हणाला. "तुमी काळजी करू नका."

"मी कंपनीला सांगते. नव्या फरश्या तीच पाठवेल, टेम्पोनं."

"बरं."

आता प्रश्न होता कुठली फरशी कुठं होती याचा. काढताना कुणी आकडे टाकले नव्हते. पण मॉडेलमध्ये छत्तीसच्या छत्तीस फरश्या सुट्या होत्या आणि प्रत्येकीचा उतार नोंदलेला होता. रेश्मानं व्हरांड्यात सतरा अख्ख्या फरश्या पसरून मांडल्या. फरशीवर सरळ पट्टी आडवी ठेवायची, पट्टीखालची फट पाच ठिकाणी मोजायची आणि ते आकडे टॅबलेटवर जुळवून बघायचे, असं काम सुरू झालं. एका फरशीला अर्धा तास लागत होता. गुडघ्यावर बसून तिच्या पायांना मुंग्या येत. दुपारी बाराला थांबायचं, चारला पुन्हा सुरू करायचं.

दुसऱ्या दिवशी एका फरशीवर अडलं. टॅबलेट सांगत होता की ही चौथ्या कमानीची, तोंड पूर्वेला. रुद्रप्पानं ती तशी ठेवली, चपला काढल्या, आणि शेजारच्या जागच्या फरशीवरून तिच्यावर पाय सरकवला.

"न्हाय बसत. उलटी हाय."

"आकडे जुळतायत, रुद्रप्पा."

"आकडे जुळू द्या. पायाला लागतंय हितं."

तिनंही चप्पल काढली आणि पाय सरकवून बघितला. सांध्यावर टाच किंचित अडत होती. त्यांनी फरशी फिरवली. पाय सरळ निघून गेला. पट्टीनं मोजताना तिनं आकडे उलट्या बाजूनं वाचले होते. त्यानंतर प्रत्येक फरशी आधी आकड्यांनी आणि मग पायांनी बघायची असं ठरलं. दोन वेळा रुद्रप्पाही चुकला आणि टॅबलेट बरोबर निघाला. तेव्हा तो नुसता "असं व्हय" म्हणाला आणि पहार घेऊन पुन्हा कामाला लागला.

कमलम्मा पहिल्या दिवशी लांबच बसली. दुसऱ्या दिवशी तिनं तिघांना पुरतील अशा भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सतरा फरश्या चुन्यात बसल्या. चार जागी नव्या फरश्या घालाव्या लागल्या. सपाट, करकरीत. पट्ट्यात त्या लांबूनही वेगळ्या दिसत होत्या.

ऑफिसात अभिमन्यूनं सगळं ऐकून घेतलं. तो तिच्यावर चिडला नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"बसवल्या ना परत?" तो म्हणाला. "मग मॉडेलला हात लावू नका, मॅडम. स्कॅन आधीचा आहे, त्यात सगळं जागेवर आहे. त्रेपन्न आहेत, त्रेपन्न राहू द्या. नव्यानं कोण मोजायला येतंय?"

"फरश्या उचलून परत बसवल्यात. चार नव्या आहेत. ते लिहावं लागेल."

"लिहिलं तर गुण कमी होतील. तुम्हाला माहितीय."

तिला माहीत होतं. दिवसभर ती त्याच विचारात होती. नाही लिहिलं तर इमारत वाचत होती. लिहिलं तर तिच्याच चुकीचा भुर्दंड इमारतीला बसणार होता. पण हे एकदा लपवलं की पुढच्या प्रत्येक कागदात, प्रत्येक बैठकीत ते सांभाळत बसावं लागणार, आणि तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. शिवाय व्हरांड्याबद्दल तिनं जे म्हटलं होतं ते खरं होतं, आणि ते खरं म्हणून टिकायचं असेल तर पुढचंही खरंच सांगायला हवं होतं. संध्याकाळी तिनं एकवीस फरश्यांपुढं एकेक करून नोंद केली: सतरा उचलून पुन्हा बसवल्या, चार बदलल्या, तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: ‘चुकीची यादी पाठवली गेली. रेश्मा.’

अठ्ठेचाळीस झाले.

ट्रस्टचे अध्यक्ष गुरुशांत सर निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी नवा अहवाल पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"मी एकटा असतो तर म्हटलं असतं, राहू द्या. पण बाकीचे विश्वस्त दोन वर्षं मागच्या खोल्या पाडायचं म्हणतायत. मागं नवी इमारत करून तिथं दवाखाना काढायचाय. पन्नासच्या खाली आल्यावर मी त्यांना काय सांगू?" त्यांनी कागद नीट लावून ठेवले. "व्हरांडा आणि प्रसूतीची खोली राहील. त्याला कुणी हात लावणार नाही, एवढं मी लिहून देतो. मागची रांग जाईल."

रेश्मानं मान हलवली.

ती तशीच शुक्रवार पेठेत गेली. कमलम्मा दारात बसून लसूण सोलत होती. रेश्मा तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली आणि काय ठरलं ते सांगितलं.

"मागच्या सगळ्या खोल्या?" कमलम्मानं विचारलं.

"सगळ्या. तशीही गोदामंच आहेत ती."

"आता हायत. आधी कुटं होती." कमलम्माचा हात थांबला. "शेवटची खोली न्हाणीघर होती. बाळांचं. दगडाची डोणी होती भिंतीला, पाण्याच्या कुंडीसारखी, कमरेएवढ्या उंचीवर, वाकायला लागू नये म्हणून. रोज सकाळी आठ-दहा बाळं न्हाऊ घालायचो आमी तितं. सिमेंट मारून बुजवली मागनं."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी फरशीचंच इचारलं की," कमलम्मा म्हणाली.

बोळातून एक रिक्षा गेली, पाठोपाठ शाळेला सुट्टी असलेली दोन मुलं सायकलवर. मग रेश्मानं हात पुढं केला आणि ताटातला लसूण सोलायला घेतला.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती स्कॅनर घेऊन आली. कमलम्मानं शेवटच्या खोलीत भिंतीवर जागा दाखवली, रुद्रप्पानं छिन्नीनं वरचं सिमेंट हळूहळू उतरवलं. डोणीचा एक काठ आणि पाणी जायचं भोक एवढंच हाती लागलं, बाकी फोडून काढलेलं होतं. रेश्मानं तेवढं मोजलं. कमलम्मा उभी राहून एकेक सांगत होती: हितं गरम पाण्याचा हंडा, हितं टॉवेल, हितं बाळाच्या मनगटाला चिठ्ठी बांधायची. रेश्मानं मॉडेलमध्ये त्या खोलीपुढचा ‘गोदाम’ हा शब्द खोडून ‘न्हाणीघर’ लिहिलं आणि कमलम्माचं बोलणं जोडलं. एका गुणाची भर पडली. एकोणपन्नास.

गुरुशांत सरांना तिनं तेही पाठवलं. त्यांनी उत्तर दिलं की वाचलं, वाईट वाटलं, पण निर्णय झालेला आहे. डोणीचा काठ मात्र काढून व्हरांड्यात ठेवायला ते तयार झाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मागची रांग पाडली. रेश्मा त्या दिवशी गेली नाही. अभिमन्यूनं दहावी इमारत दुसऱ्याकडं दिली होती आणि तिला आठ दिवस घरी राहायला सांगितलं होतं. सकाळी नऊला सृष्टीनं तिला चहासाठी हलवून उठवलं. तिनं चहा घेतला, कूस बदलली आणि पुन्हा झोपली.